दुसऱ्यांदा सोमवार

ऑकलंडहून मंगळवारी सकाळी निघालो
आणि नियुएला उतरलो तेव्हा सोमवार होता.
कालचाच.
शिक्का मारणाऱ्या बाईनं
तारखेकडे दोनदा पाहिलं नाही. तिला सवय असणार.
मी पाहिलं.

पहिल्या सोमवारी साडेतीन वाजता
शार्दूलनं कॉफीत साखर ढवळत सांगितलं होतं,
की कॉलेज मार्चपासूनच सोडलंय,
आणि मी, चारचौघांत,
बोलायला नको ते सगळं बोलले होते,
फीच्या आकड्यासकट.
आता पुन्हा साडेतीन वाजायचे होते.

लुपे पिकअप घेऊन न्यायला आली.
रस्त्यात दिसेल त्याला हात करायचा, ती म्हणाली,
माणूस दिसला नाही तर कबरीला.
कबरी इथं घरांसमोरच, पांढऱ्या चुन्याच्या,
आणि बरीचशी घरं रिकामी:
माणसं न्यूझीलंडला, छपरं वादळाबरोबर.
आम्ही दोघं दोन खिडक्यांतून हात करत राहिलो.
एकमेकांकडे न बघता
करता येण्यासारखं ते एकच काम होतं.

मग वाट संपली आणि दगड सुरू झाला.
दगड कसला, एके काळचं जिवंत प्रवाळ,
समुद्राबाहेर येऊन करवतीसारखं वाळलेलं,
काळं, पाय ठेवावा तिथं पातं.
या बेटावर नदी नाही, ओढा नाही,
पाऊस पडतो तो थेट खाली झिरपून जातो,
लुपे सांगत होती. माझं लक्ष शार्दूलच्या बुटाकडे.
नाडी सुटलेली.
सांगू की नको, यात दहा पावलं गेली,
तेवढ्यात त्यानंच वाकून बांधली.

घळीत उतरायला शिडी. सव्वीस पायऱ्या.
तो आधी उतरला. खालून आवाज आला:
डावा पाय खाली. अजून. हां. आता उजवा.
घाबरू नकोस, मी धरलीय.
हा सूर माझा.
सायकलच्या मागं धावतानाचा,
सोसायटीच्या गेटपासून डेअरीपर्यंत.
यानं उचलला कधी?
खाली वाळू, चार माड, वर आभाळाची चिंधी,
आणि भिंतीपलीकडे समुद्र,
शेजाऱ्यांनी कपाटं सरकवावीत तसा.

ओहोटी पूर्ण झाल्यावर डोहात उतरलो.
पाण्यात तोंड घातलं तर सगळं थरथरतं,
तेल सांडल्यासारखं, मासे पुसट.
मला वाटलं, नंबर वाढला.
नाही, लुपे म्हणाली, दगडातून झिरपलेलं गोडं पाणी
इथं निघतं, गार, खाऱ्यावर तरंगत राहतं.
मिसळायला वेळ लागतो. थोडी बुडी मार, स्वच्छ दिसेल.
मला बुडी येत नाही. शार्दूलनं मारली,
वर येऊन म्हणाला, निळा तारामासा आहे,
एक पाय तुटलेला, नवा फुटतोय,
तुझ्या करंगळीएवढा.

घड्याळ मी बुटात ठेवलं होतं.
पाहिलं तेव्हा चार वाजून दहा.
साडेतीन येऊन गेले होते
आणि तेव्हा आम्ही काय करत होतो आठवेना.
बहुतेक कालवं खरडणाऱ्या म्हातारीला हात.

संध्याकाळी लुपेच्या भावानं उंगा दाखवला,
नारळ फोडणारा खेकडा, मांजराएवढा, जांभळट निळा,
सुंभानं बांधलेला.
जन्मतो समुद्रात, तो म्हणाला,
पण जमिनीवर येऊन एकदा मोठा झाला
की समुद्रात टाकलं तर बुडून मरतो.
शार्दूलनं माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, मी काही म्हणत नाहीये.
तो हसला. सोमवारनंतर पहिल्यांदा,
म्हणजे इथल्या हिशेबानं आजच.

रात्री माझ्या तळव्याला आयोडीन लावताना
पाच ठिकाणी कापलंय, तो म्हणाला.
मार्चपासून काय करतोस रे?
बोटी दुरुस्त करतात तिथं जातो, म्हणाला,
आणि बोटी या शब्दापासून
बराच वेळ बोलत राहिला.
मधे कधीतरी दिवा गेला, तरी बोलत राहिला.

उद्या मंगळवार.
त्याचे सकाळचे काही तास
आम्ही आधीच वापरलेत.